खवय्यांच्या गावी पथ्याचे पाहुणे

जपानी भाषेत ‘कुइदाओरे’ असा एक शब्द आहे. खाण्यापायी कफल्लक होणं, असा त्याचा अर्थ. क्योतोची माणसं कपड्यांपायी बुडतात आणि ओसाकाची खाण्यापायी, असं तिकडे गमतीनं म्हणतात. येत्या वसंतात या ओसाकाला जायचा बेत मी आणि माझा शाळेपासूनचा एक मित्र करतो आहोत. अडचण एवढीच, की मी मुसलमान आणि तो गळ्यात तुळशीची माळ घातलेला वारकरी. मला डुकराचं मांस आणि दारू वर्ज्य, त्याला मांस-मासळी सगळंच वर्ज्य. “अरे, तू एकटाच जाऊन ये. माझ्यापायी तुझे हाल कशाला?” असं तो म्हणाला, आणि मी हा प्रवास कागदावर मांडायला बसलो.

जुन्या काळी ओसाकाला ‘देशाचं स्वयंपाकघर’ म्हणत. सरदारांचा महसुली तांदूळ इथल्या वखारींत यायचा. दोजिमाच्या तांदूळ बाजाराला शोगुनच्या सरकारनं १७३० मध्ये मान्यता दिली. जगातल्या अगदी सुरुवातीच्या वायदेबाजारांत त्याची गणना होते. उत्तरेकडच्या होक्काइदोहून जहाजं ‘कोंबू’ नावाचं वाळवलेलं समुद्री शेवाळ घेऊन येत. हे शेवाळ आणि आपल्या कुप्याच्या जातीच्या वाळवलेल्या माशाचा कीस यांपासून ‘दाशी’ नावाचं पातळ सार करतात. ओसाकाच्या स्वयंपाकाचा पाया तोच.

आणि आमची खरी गाठ पडते ती या पायाशी. दोतोनबोरीच्या कालव्याकाठी ‘ताकोयाकी’ मिळतात. आपल्या आप्पेपात्रासारख्याच तव्यावर केलेले, पोटात ऑक्टोपसचा तुकडा असलेले गोळे. आम्ही कोकणातले शाफिई पंथाचे, समुद्रातलं बहुतेक सगळं आम्हाला चालतं. पण वरच्या सॉसमध्ये काय आहे, ते विचारावं लागतं. कोबी घातलेल्या जाडसर धिरड्याला ‘ओकोनोमियाकी’ म्हणतात. त्यावर बहुधा डुकराच्या मांसाचे काप असतात. ते वगळता येतात, पण तवा एकच. जपानी स्वयंपाकात ‘मिरिन’ नावाची तांदळाची गोड मद्यार्कही पुष्कळदा वापरतात. मित्राची पंचाईत त्याहून मोठी. ‘कित्सुने उदोन’ म्हणजे जाड शेवया आणि वर सोयाबीनच्या पनीरचा तळलेला तुकडा. दिसायला साधं शाकाहारी, पण सार माशाचं! दुकानांच्या काचेआड पदार्थांचे हुबेहूब नकली नमुने मांडलेले असतात. त्यात ताटातलं सगळं दिसतं, साराचं मूळ मात्र दिसत नाही.

म्हणून बेताची सुरुवात आम्ही एका कार्डापासून केली. काय चालत नाही, ते एका बाजूला त्याचं, दुसऱ्या बाजूला माझं, स्वच्छ जपानीत लिहून घ्यायचं. ‘मांस नको’ एवढ्यानं भागत नाही. ‘माशाचं सारही नको’ असं वेगळं लिहावं लागतं. आठ-दहा जणांच्या दुकानात एकटा माणूस रांधत असतो. त्याला ऐन गर्दीत पदार्थ बदलायला लावणं बरं नव्हे. जिथं शक्य तिथं आधी कळवायचं आणि तो ‘जमणार नाही’ म्हणाला, तर मान लववून पुढं निघायचं. त्याच्या नकारात आपला अपमान नाही, तसा आपल्या विचारण्यात त्याचाही नाही.

शुक्रवार कोबेसाठी राखला आहे. ओसाकाहून आगगाडीनं अर्ध्या तासाच्या वाटेवर जपानमधली पहिली मशीद आहे, १९३५ ची. ती उभारायला तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांनीही पैसा दिला होता. १९४५ ची बॉम्बफेक आणि १९९५ चा भूकंप, दोन्हींतून ती उभी राहिली. तिथल्या गल्लीत माझ्या जेवणाची सोय आहे.

त्यानंतरचा दिवस मित्राचा. ओसाकाच्या नांबा स्थानकातून सुमारे दोन तासांत कोयासान गाठता येतं. नवव्या शतकात कूकाई या बौद्ध आचार्यांनी या डोंगरावर मठ स्थापला. तिथल्या मठांत मुक्कामाला राहता येतं आणि जेवण असतं ‘शोजिन र्‍योरी’, म्हणजे मांस-मासळी तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. सार निघतं ते कोंबू आणि वाळवलेल्या अळंब्यांचं. हे ऐकल्यावर मित्र म्हणाला, “कांदा-लसूणही नाही? मग तर माझ्या घरच्यापेक्षा कडक!” आणि त्यानं पासपोर्टचा अर्ज मागवला.

लहानपणी तो ईदला आमच्याकडे यायचा. माझी आई त्याच्यासाठी शीरखुर्मा वेगळ्या, कोऱ्या पातेल्यात करायची. ‘तुला काय चालत नाही, बाळा?’ एवढंच तिनं पहिल्या वर्षी विचारलं. का चालत नाही, हे तिनं कधीच विचारलं नाही. पाहुणचाराचं सगळं शास्त्र मला त्या एका पातेल्यात दिसतं. पाहुण्यानं आपलं पथ्य न लाजता, न मिरवता सांगावं. यजमानानं जमेल तेवढं करावं, न जमेल ते सरळ सांगावं.

आठ दिवसांच्या बेतात आता सहा दिवसांची जेवणं ठरली आहेत. उरलेल्या दोन दिवसांसाठी भात, फळं आणि मित्राच्या घरची दाण्याची चटणी आहेच. खाण्यापायी बुडणाऱ्या त्या शहरात आम्ही काही बुडणार नाही, पण उपाशीही राहणार नाही. आणि जेवायला बसू, ते दोघं एकाच टेबलावर.