शेजारचा कुत्रा आणि परसातल्या कोंबड्या

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय फळ्यावर लिहिला गेला तेव्हा मागच्या बाकावर थोडी खसखस पिकली, ती मी ऐकली. हसायला माझी हरकत नाही. पण गेल्या पावसाळ्यापासून आपल्या मंडळात येणाऱ्या किती घरांत बोलाचाली बंद झाली आहे, आणि ती कशावरून झाली, हे प्रत्येकीने मनाशी आठवून पाहावे. जमिनीच्या हद्दीवरून भांडणे होतात ती पुरुषांची. ती तलाठ्याकडे जातात, कोर्टात जातात, त्यांना कागद असतो. कुत्र्याने कोंबडी मारली यावरून होणारे भांडण बायकांचे. त्याला कागद नाही, आणि घरातली माणसेसुद्धा म्हणतात, "कोंबडीच तर गेली, तिचे काय एवढे!"

तिचे काय एवढे, हे आधी सांगते. आपल्या कोकणात परसातल्या कोंबड्या हा घरधनिणीचा स्वतःचा पैसा असतो. काजूचे पैसे, आंब्याचे पैसे, मुंबईहून आलेली मनीऑर्डर किंवा आता मोबाईलवर येणारे पैसे, यांना घरात दहा वाटा. अंड्यांचे पैसे मात्र बाई कुणाला न विचारता खर्च करते. मुलीची वही, आपले औषध, बचत गटाचा हप्ता त्यातूनच निघतो. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. दहा रुपये अंडे धरले तरी सहा-सातशे रुपये झाले. शिवाय ती खुडूक होऊन बसली की एकवीस दिवसांत पिले काढते. बारा अंड्यांवर बसवली तर नऊ-दहा फुटतात. घार, कावळा, मुंगूस यांच्या तावडीतून पाच-सहा मोठी होतात. त्यातले कोंबडे आषाढात गटारीच्या आधी चांगल्या भावाने जातात, आणि तळंगा पुढच्या वर्षाला अंड्यावर येतात. आता अशी बसलेली कोंबडी अठराव्या दिवशी कुत्र्याने ओढून नेली, तर एक कोंबडी गेली असे म्हणता येईल का? खालची अंडी थंड पडून गेली, पाच-सहा पक्षी गेले, आणि बाईचे सहा महिने गेले. हा हिशेब एकदा कागदावर मांडून घरातल्या माणसांना दाखवावा. आमच्या वाडीत एकीने तो दाखवल्यावर खुराड्यासाठी जाळी आणायला यजमान स्वतः बाजाराला गेले.

आता कुत्र्याकडे वळू. "आमच्या कुत्र्याला पोटभर भाकरी असते, तो कशाला कोंबडी मारील?" असे त्याचे धनी म्हणतात, आणि ते खोटे बोलत नसतात. कुत्रा कोंबडी भुकेपोटी मारतो असे नाही. पळणारी, फडफडणारी वस्तू दिसली की तिच्या मागे लागणे हा त्याचा जातिधर्म. म्हणून तो एक मारून थांबत नाही. जोवर काही फडफडते आहे तोवर मारीत सुटतो आणि बहुधा खातही नाही. एकटा असताना जो गडग्यापलीकडून नुसता बघत राहतो, तोच दुसरा जोडीला आला की उडी मारतो. आणखी एक गंमत पाहा. घरच्या कोंबड्यांत लहानाचा मोठा झालेला कुत्रा त्यांना हुंगूनही पाहत नाही, आणि तोच शेजारच्या मारतो. त्यामुळे "आमच्याकडेही कोंबड्या आहेत, त्यांना तो काही करीत नाही" हा पुरावा टिकणारा नाही.

पण शेजारणीकडे जाण्यापूर्वी आपणही खात्री करून घ्यावी. पिसे अंगणभर विखुरलेली, चार-पाच पक्षी जागच्या जागी मरून पडलेले, अंगावर चावे पण खाल्लेले काही नाही, तर ते काम कुत्र्याचे. कोल्हा सहसा उचलून घेऊन जातो. मुंगूस मानेला किंवा डोक्याला धरते आणि पिलांवर त्याचा डोळा अधिक. नुसती अंडी नाहीशी होऊ लागली तर खुराड्यात साप येतो का पाहावे. मुंगसाचा आळ मोतीवर घेऊन वर्षभर एकमेकींचे तोंड न पाहिलेल्या दोन जावा मला माहीत आहेत.

आपल्या बाजूने करायचे ते खुराड्यापासून. बाजारात जी षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडीची जाळी म्हणून मिळते, ती कोंबड्यांना आत ठेवायला पुरते. कुत्र्याला बाहेर ठेवायला पुरत नाही. चांगला जोरकस कुत्रा ती दातांनी फाडतो. तिथे जोड दिलेल्या तारेची, चौकोनी भोकांची जाळी घ्यावी. भोके अर्ध्या इंचाची असली म्हणजे मुंगूस आणि साप यांचाही बंदोबस्त होतो. महाग पडते, म्हणून निदान खालचा दोन हात भाग तरी हिचा करावा. खुराडे चिऱ्यांवर हातभर उंच असावे. दाराला नुसता आकडा नको, कारण कुत्रा नाकाने ढकलून तो उडवतो; कडी-कोयंडाच हवा.

कुंपणाची मेख तळाशी असते. कुत्रा नेहमी अगदी जाळीच्या पायथ्याशी उकरतो, दोन पावले मागे सरून भुयार खणण्याची अक्कल त्याला नसते. आपल्याकडे खाली कातळ. जाळी पुरायची म्हटली तर पहार मोडेल. त्याऐवजी जाळीची दीड-दोन फुटांची पट्टी बाहेरच्या अंगाला जमिनीवर आडवी अंथरावी, उभ्या जाळीला तारेने बांधावी आणि वर दगड ठेवावेत. पावसाळ्यात गवत तिच्यातून वर आले की ती दिसेनाशी होते आणि पक्की बसते. गडगा तीन-चार फुटांचा असतो, तो कुत्रा सहज ओलांडतो. त्यावर करवंदीच्या काट्या रचून वई उंच करावी आणि दरवर्षी पावसापूर्वी ती नवी करावी. पिलांवर डालगे घालतो ते कुत्रा एका धक्क्याने उलटे करतो, तेव्हा त्यावर चिरा ठेवायला विसरू नये.

कोंबड्या पहाटे फटफटताच सोडण्याची घाई करू नका. कुत्री त्याच वेळी मोकाट फिरत असतात. नऊ-दहापर्यंत आत ठेवल्या तर अंडीही खुराड्यातच मिळतात, शेजारच्या गवतात शोधावी लागत नाहीत. संध्याकाळी ठरलेल्या वेळी मूठभर दाणे टाकून हाक मारण्याची सवय लावली की आठ दिवसांत त्या हाकेसरशी घरी येतात.

एवढे करूनही कुत्रा आला तर? मग बोलणे आले, आणि खरी अडचण इथेच आहे.

आमच्या जवळच्या एका वाडीतली हकीकत सांगते. दोन घरांच्या मध्ये गडगा, एकीकडे अकरा कोंबड्या, दुसरीकडे एक तांबडा कुत्रा. एका दुपारी सात पक्षी मेले. बाईने रडून झाल्यावर पक्षी होते तिथेच ठेवले, शेजारच्या मुलाकडून मोबाईलवर फोटो काढून घेतला आणि तासाभराने, राग थोडा उतरल्यावर, सासूला बरोबर घेऊन ती शेजारी गेली. शेजारीण म्हणाली, "वयनी, माझो मोती असला काय करूचो नाय." यावर तिने उलट उत्तर दिले नाही. ती एवढेच म्हणाली, "तुम्ही स्वतः येऊन बघा, काकी." काकी आल्या. कुत्राही मागोमाग आला आणि सर्वांच्या देखत आठव्या कोंबडीमागे धावला. त्यापुढे वादाला जागा उरली नाही.

पण मला कौतुक वाटले ते तिने काय मागितले याचे. तिने सात पक्ष्यांचे रोख पैसे मागितले नाहीत, कारण ते काकींच्याजवळ नव्हते हे तिला माहीत होते. मागून ते मिळाले नसते आणि वैर मात्र मिळाले असते. तिने तीन गोष्टी मागितल्या. काकींच्या खुराड्यातल्या दोन तळंगा. जाळीचा निम्मा खर्च, तोही काजूच्या हंगामानंतर. आणि सकाळी आठपासून दिवेलागणीपर्यंत कुत्रा बांधलेला. दिवेलागणीला हिच्या कोंबड्या आत गेल्या की काकींनी तो आपल्या आवारात सोडावा. दिवस कोंबड्यांचा, रात्र कुत्र्याची. बंधन दोन्ही घरांवर आले, म्हणून ते टिकले. कोंबड्या आत घ्यायला ही एखाद्या दिवशी विसरली तर त्या दिवशीचे नुकसान हिचे, हेही बोलून ठेवले होते.

कुत्रा बांधायचा म्हणजे दोन हात दोरीने खुंटाला जखडायचा असे नव्हे. तसा जखडलेला कुत्रा दिवसेंदिवस खुनशी होतो आणि मग पोस्टमनवर जातो. दोन माडांच्या मध्ये तार ताणून तिच्यात साखळीची कडी ओवली म्हणजे त्याला येरझारा घालता येतात. सावली आणि पाणी हवेच. नवे पिल्लू आणलेले असेल तर दोन-तीन महिन्यांचे असल्यापासून त्याला दोरीला धरून कोंबड्यांमध्ये बसवावे. धावू लागले की ओढून घ्यावे, शांत बसले की भाकरीचा तुकडा द्यावा. मोठ्या, एकदा चटक लागलेल्या कुत्र्याला मात्र शिकवून फारसे होत नाही. मेलेली कोंबडी त्याच्या गळ्यात बांधण्याचा एक जुना तोडगा सांगतात. त्याने घाण सुटते, दुसरे काही होत नाही.

आता जरा कठीण बोलते. काही घरांत रागाच्या भरात भाकरीत औषध घालून टाकण्याची भाषा होते. उंदराचे किंवा कीटकनाशकाचे विष परसात टाकले की ते कोण खाईल हे आपल्या हाती राहत नाही. मांजर खाते, कावळा उचलून विहिरीच्या काठावर नेतो, रांगते मूल तोंडात घालते, आपल्याच उरलेल्या कोंबड्या टिपतात. आणि कायद्याने तो गुन्हा आहे. १९६० च्या प्राण्यांच्या क्रूरताविरोधी कायद्यात तो आहेच. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमात जनावराला मारणे, विष घालणे किंवा जायबंदी करणे याला पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. सात कोंबड्यांची फिर्यादी बाई एका रात्रीत आरोपी होऊन बसेल.

मग कायदा आपल्या बाजूने काहीच नाही का? आहे, पण तो समजून घ्यावा. त्याच संहितेचे २९१ वे कलम निष्काळजीपणे जनावर ठेवणाराला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, सांगते. पण ते जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा जबर दुखापतीचा धोका असेल तेव्हाचे. कुत्रा मुलांच्या अंगावर जात असेल तर त्याचा आधार घ्यावा. कोंबड्यांच्या नुकसानीसाठी दिवाणी दावा लावता येतो, मात्र तालुक्याला चार खेपा घातल्या की एसटीच्या भाड्यातच दोन कोंबड्या जातील. त्यापेक्षा गावातच बसून मिटवावे. २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हापासून गावोगाव समित्या झाल्या. जिथे समिती जागी आहे तिथे तिच्यापुढे, नाहीतर ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज द्यावा. अर्जात तारीख, वेळ, पक्षी किती, पाहणारे कोण एवढेच लिहावे. शेजारणीच्या सात पिढ्या त्यात घालू नयेत.

जगलेल्या पक्ष्यांविषयी दोन शब्द. चाव्याची जखम पिसांखाली लपते, म्हणून प्रत्येक पक्षी हातात घेऊन पिसे उलटी करून पाहावी. मिठाच्या कोमट पाण्याने जखम धुवावी, पक्षी निराळा अंधाऱ्या जागी ठेवावा आणि माशी बसू देऊ नये, नाहीतर दोन दिवसांत किडे पडतात. भ्यालेल्या कोंबड्या काही दिवस अंडी देत नाहीत. त्यांना लगेच विकायला काढू नका. मेलेले पक्षी गडग्यापलीकडे फेकणे म्हणजे कुत्र्याला पुन्हा आमंत्रण. खोल खड्डा करून, वर चुना टाकून पुरावेत. आणि सोडवायला गेलेल्या बाईला कुत्रा चावला असेल तर कोंबड्या राहू द्या, जखम साबणाच्या वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या. मिरची, चुना, तेल काही लावू नका.

एका भगिनीने मघाशी चिठ्ठी पाठवली आहे : "कुत्रा कुणाचाच नसेल, तर कुणाशी बोलावे?" प्रश्न बरोबर आहे. गणपतीला आणि मे महिन्यात आलेली पाहुणेमंडळी वाडीतल्या पिलांना बिस्किटे घालून लळा लावतात आणि मग गाडीत बसून जातात. बेवारशी कुत्री पोत्यात घालून पुढच्या गावच्या तिठ्यावर सोडण्याची जी रीत आहे ती टाकावी. पुढच्या गावचे लोकही तेच करतात आणि त्यांची आपल्याकडे येतात. २०२३ च्या नियमांप्रमाणे अशा कुत्र्यांची नसबंदी करून, पिसाळण्याची लस टोचून त्यांना होते त्याच जागी सोडायचे असते, आणि हे काम स्थानिक संस्थेने करून घ्यायचे असते. पाळलेल्या कुत्र्याची नसबंदी आणि लस मात्र धन्याकडे. तेव्हा पंचायतीकडे अर्ज करताना आपल्या वाडीतली बेवारशी कुत्री किती, त्यात माद्या किती, हे मोजून लिहावे. आकडा असला की काम हलते. मोजणीसाठी प्रत्येक वाडीतून एकीने आज जाण्यापूर्वी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. वही त्यांच्या टेबलावर ठेवली आहे.