इवल्या संगणकास दृष्टि

डोळे उघडले कीं समोरचें दिसतें, ही गोष्ट मनुष्याच्या इतकी अंगवळणीं पडलेली आहे कीं तींत कांहीं नवल आहे असें कोणासच वाटत नाहीं. दारांत उभा राहिलेला माणूस ओळखीचा कीं अनोळखी, कठड्यावर बसला तो कावळा कीं पारवा, हें लहान मूलहि क्षणांत सांगतें. परंतु यंत्रापुढें कॅमेरा ठेवला म्हणून यंत्रास दिसूं लागत नाहीं. कॅमेरा त्यास देतो ते केवळ अंक. ६४० स्तंभ आणि ४८० ओळी अशा एका साध्या चित्रांत ३,०७,२०० बिंदु असतात. प्रत्येक बिंदूचे तांबडा, हिरवा व निळा असे तीन अंक धरले म्हणजे एका चित्राचे ९,२१,६०० अंक झाले. सेकंदास तीस चित्रें घेतलीं तर दर सेकंदास पावणेतीन कोटींहून अधिक अंकांचा लोंढा यंत्रावर येऊन आदळतो. या लोंढ्यांतून ‘हा चेहरा’, ‘ही भिंत’, ‘येथें कांहींतरी हललें’ असा अर्थ काढणें, यालाच संगणकीय दृष्टि म्हणतात.

हा अर्थ काढण्याच्या कृति प्रत्येकानें नव्यानें रचावयाच्या म्हटल्या तर आयुष्य पुरणार नाहीं. म्हणून पूर्वीं कोणीं रचून व पारखून ठेवलेल्या कृतींचा सांठा हातीं असावा लागतो. संगणकाच्या व्यवहारांत अशा सांठ्यास ‘लायब्ररी’ म्हणतात. पुस्तकांच्या ग्रंथालयाशीं तिचें साम्य एवढेंच कीं, हवी ती वस्तु हवी तेव्हां काढून घ्यावी आणि आपलें काम भागवावें. दृष्टीच्या क्षेत्रांतील अशा लायब्रऱ्यांत सर्वांत प्रसिद्ध ती ‘ओपन सीव्ही’. १९९९ सालीं इंटेल कंपनींत गॅरी ब्रॅडस्की यांनीं तिचा आरंभ केला. २००० सालीं तिचें पहिलें रूप लोकांपुढें आलें आणि २००६ सालीं पहिली पूर्ण आवृत्ति निघाली. २००५ सालीं अमेरिकेंतील वाळवंटाची शर्यत जिंकणाऱ्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘स्टॅन्ली’ या चालकविरहित मोटारींतहि तिचा उपयोग झाला होता. विशेष हें कीं ती कोणासहि विनामूल्य घेतां येते, उघडून वाचतां येते आणि बदलतांहि येते.

ही झाली विद्या. आतां ती ज्याच्या अंगीं उतरवावयाची तो संगणक पाहूं जातां तो हाताच्या तळव्यावर मावतो. त्याची कुळकथा नभोवाणीच्या श्रोत्यांस विशेष जवळची वाटावी अशी आहे. ब्रिटनच्या बी. बी. सी. या ध्वनिक्षेपण-संस्थेनें १९८० नंतरच्या वर्षांत लोकांस संगणकाची ओळख करून देण्याचा उपक्रम हातीं घेतला, आणि त्यासाठीं केंब्रिज येथील एकॉर्न कंपनीकडून ‘बी. बी. सी. मायक्रो’ हा संगणक १९८१ सालीं तयार करविला. त्यावर स्वतः आज्ञा लिहीत लिहीत मुलांची एक पिढी वाढली. पुढें घरोघरीं बंद पेटीचे संगणक आले. ते वापरणें सोपें झालें, पण त्यांच्या आंत डोकावण्याची संवय मात्र सुटली. केंब्रिज विद्यापीठांत संगणकशास्त्र शिकण्यास येणाऱ्या मुलांची संख्या घटत चालली आहे आणि त्यांचा हातचा अनुभवहि तोकडा होत आहे, हें एबेन अप्टन व त्यांचे सहकारी यांच्या ध्यानांत आलें. त्या काळजींतून ‘रास्पबेरी पाय’ जन्मास आला. २९ फेब्रुवारी २०१२ रोजीं तो विक्रीस निघाला. लांबी ८५ मिलिमीटर, रुंदी ५६ मिलिमीटर, स्मृति २५६ मेगाबाइट आणि किंमत ३५ डॉलर. त्याचें ‘मॉडेल बी’ हें नांवहि जुन्या बी. बी. सी. मायक्रोच्या स्मरणार्थ ठेवलेलें. २०१५ सालच्या दुसऱ्या पिढींत एकाच्या जागीं चार गणनकेंद्रें आलीं. २०१९ सालच्या चौथ्या आणि २०२३ सालच्या पांचव्या पिढीनें वेग व स्मृति यांत मोठी मजल मारली.

अडचण येथेंच सुरू होते. ओपन सीव्हीचा जन्म इंटेलच्या घरांतला, आणि रास्पबेरी पायचें हृदय आहे आर्म जातीचें. ही आर्म जातहि मूळची त्याच एकॉर्न कंपनीची. तिची पहिली चिप १९८५ सालीं तयार झाली. इंटेलच्या चिपला समजणारी यंत्रभाषा आर्मच्या चिपला समजत नाहीं. सबब टेबलावरच्या मोठ्या संगणकासाठीं तयार केलेली ओपन सीव्हीची प्रत उचलून या छोट्या पाटीवर ठेवली तर ती चालत नाहीं. मूळ लिखाण एकच असलें तरी तें आर्मच्या भाषेंत उतरवून घ्यावें लागतें. या उतरविण्यास ‘कंपाइल करणें’ म्हणतात.

ओपन सीव्ही बसविण्याचे मार्ग तीन. त्यांची तुलना कपड्यांशीं करतां येईल. पहिला मार्ग म्हणजे दुकानांतून तयार सदरा आणणें. रास्पबेरी पायच्या प्रणालीबरोबर जें भांडार येतें त्यांत ओपन सीव्ही आधींच आर्मच्या भाषेंत उतरवून ठेवलेली असते. एका आज्ञेनें ती उतरते, तिला लागणारे इतर भागहि आपोआप येतात, आणि कांहीं मिनिटांत काम आटोपतें. उणीव इतकीच कीं ती आवृत्ति थोडी जुनी असते. दुसरा मार्ग म्हणजे पायथॉन भाषेच्या स्वतंत्र भांडारांतून ती मागविणें. येथें आवृत्ति नवी मिळते. ३२ बिटांच्या प्रणालीसाठीं ‘पायव्हील्स’ नांवाचें एक भांडार अशा तयार प्रति पुरवितें. तिसरा मार्ग म्हणजे कापड आणून स्वतः बेतणें व शिवणें. मूळ लिखाण मिळवावयाचें, त्यांतील कोणते भाग हवे व कोणते नको हें ठरवावयाचें, आणि सर्व कांहीं त्या छोट्या संगणकाकडूनच कंपाइल करवून घ्यावयाचें.

बरीच वर्षें जाणती मंडळी तिसराच मार्ग सांगत असत, आणि त्यास कारणेंहि होतीं. तयार प्रति त्या काळीं दुर्मिळ होत्या. शिवाय डेव्हिड लो यांनीं शोधलेली ‘सिफ्ट’ ही चित्रांतील खुणा हुडकण्याची नामांकित कृति पेटंटखालीं असल्यामुळें ती मुख्य लायब्ररींत नसून जोडभागांत ठेवलेली होती, आणि तो जोडभाग हवा असेल तर स्वतः शिवणें प्राप्त होतें. मार्च २०२० मध्यें तें पेटंट संपलें आणि त्याच वर्षीं सिफ्ट मुख्य लायब्ररींत दाखल झाली. तयार प्रतीहि आतां सहज मिळतात. म्हणून २०१६ किंवा २०१७ सालचें एखादें मार्गदर्शन समोर ठेवून आज कामाला बसणारा विद्यार्थी पुष्कळदां नसत्या कष्टांत पडतो. मार्गदर्शन चुकीचें नसतें. त्याचा काळ सरलेला असतो. यंत्रविद्येंत कोणताहि उपदेश मानण्यापूर्वीं तो कोणत्या सालचा आहे हें पाहावें, हा या विषयांतला पहिला व्यवहार आहे.

तरीहि तिसरा मार्ग एकदां चालून पाहणें बोधप्रद आहे. कारण संगणकाची शक्ति व त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी त्यांत उघड दिसतात. चार गणनकेंद्रें आहेत तेव्हां चारहि एकदम कामास लावावीं, असें कोणासहि वाटेल. तशी आज्ञा दिली म्हणजे प्रारंभीं काम झपाट्यानें चालतें. पण चार कारागीर एकाच लहान खोलींत बसविले तर प्रत्येकास पाय पसरावयास जागा लागते. स्मृति एकच गिगाबाइट असेल तर कांहीं वेळानें ती संपते. यंत्र प्रथम मंदावतें, मग निश्चेष्ट झाल्यासारखें दिसतें, आणि अखेरीस प्रणाली त्या कारागिरांपैकीं एकाला ठार करून स्वतःचा जीव वाचविते. तासन्‌तास चाललेलें काम बरेंच पुढें गेल्यावर असें थांबलें म्हणजे विद्यार्थ्याचा धीर सुटतो. लायब्ररींत दोष आहे असें त्यास वाटतें. वास्तविक उणीव असते ती जागेची.

यावर उपाय दोन. एक, चारांऐवजीं दोन किंवा एकच कारागीर बसवावा. वेळ अधिक लागतो, पण काम तडीस जातें. दुसरा, ज्या कार्डावर सर्व प्रणाली सांठविलेली असते त्याचाच कांहीं भाग तात्पुरती स्मृति म्हणून वापरावयास द्यावा. यास ‘स्वॅप’ म्हणतात. प्रणालीच्या कित्येक जुन्या आवृत्त्यांत ही जागा केवळ १०० मेगाबाइट ठेवलेली असे. ती एक-दोन गिगाबाइटपर्यंत वाढविली कीं निभाव लागतो. मात्र काम संपतांच ती पूर्ववत् करावी. कार्डावर पुनःपुन्हां लिहिल्यानें त्याचें आयुष्य घटतें, आणि कार्ड गेलें म्हणजे त्यावरील सर्वच गेलें.

दुसऱ्या मार्गावरहि आज एक नवा पहारेकरी उभा आहे. २०२३ सालीं आलेल्या ‘बुकवर्म’ या प्रणालीपासून पायथॉनच्या भांडारांतील वस्तु थेट मुख्य प्रणालींत बसवूं दिल्या जात नाहींत. ‘ही जागा बाहेरून सांभाळली जाते’ अशा अर्थाची नकारघंटा मिळते. पुष्कळांस ती यंत्राची आडमुठी वाटते आणि ते सक्तीचा शब्द वापरून पुढें घुसतात. तसें करूं नये. प्रणालीचीं स्वतःचीं अनेक कामें पायथॉनवरच चालतात, आणि एक वस्तु बदलतांना दुसरी मोडण्याची भीति असते. त्यापेक्षां त्या कामापुरती निराळी खोली, म्हणजे ‘आभासी परिसर’, तयार करून सर्व सामान तींत मांडावें. बिघडलें तर ती खोली तेवढी मोडून दुसरी उभारतां येते. घर शाबूत राहतें.

लायब्ररी बसली कीं लगेच मोठें काम काढूं नये. प्रथम पायथॉनकडून तिचें नांव घेऊन तिची आवृत्ति विचारावी. उत्तरादाखल अंक आला कीं पाया पक्का झाला. मग एखादें छायाचित्र वाचावें, तें करड्या रंगांत बदलावें आणि दुसऱ्या नांवानें जपून ठेवावें. येथें एक गंमत नेहमीं घडते. इतर बहुतेक ठिकाणीं रंगांचा क्रम तांबडा, हिरवा, निळा असा असतो. ओपन सीव्ही मात्र जुन्या प्रघाताप्रमाणें निळा, हिरवा, तांबडा असा क्रम ठेवते. हें न जाणतां चित्र एकीकडून दुसरीकडे दिलें कीं झेंडूचें केशरी फूल निळेंशार दिसूं लागतें. कॅमेऱ्याच्या बाबतींतहि सावध असावें. २०२१ सालच्या ‘बुलसआय’ प्रणालीपासून पायच्या कॅमेऱ्याची जुनी व्यवस्था बदलली. म्हणून जुनी आज्ञा दिली असतां चांगला कॅमेराहि आंधळा भासतो. यंत्रास पुरेसा विद्युत्पुरवठा आहे ना, हेंहि पाहावें. तो कमी पडला कीं पडद्याच्या कोपऱ्यांत विजेची छोटी खूण उमटते. उष्णता ८० अंशांच्या घरांत गेली कीं यंत्र आपण होऊन वेग कमी करतें. चित्रांचें काम जड असल्यामुळें लहानसा पंखा जोडणें हितावह ठरतें.

एवढें झाल्यावर जो प्रयोग बहुतेक घरांत प्रथम होतो तो चेहरा हुडकण्याचा. पॉल व्हायोला व मायकेल जोन्स यांनीं २००१ सालीं प्रसिद्ध केलेली रीत यासाठीं ओपन सीव्हींत वापरतां येते. चेहऱ्यावर डोळ्यांचा पट्टा गालांपेक्षां काळसर असतो, नाकाचा कणा दोन्ही बाजूंपेक्षां उजळ असतो. उजेड-अंधाराच्या अशा साध्या तुलना एकामागून एक घेत ही रीत नको त्या जागा झटपट वगळते. म्हणूनच ती इवल्या संगणकासहि झेपते. पण तिची समज किती, हें भिंतीवरील आजोबांची तसबीर दाखवून देते. दिवाणखान्यांत तीन माणसें बसलीं असतां यंत्र चार मोजतें. आणि त्या तिघांपैकीं एकानें मान वळविली कीं पुन्हां तीनावर येतें. चेहरा आहे हें सांगणें निराळें आणि तो कोणाचा हें सांगणें निराळें. जिवंत माणूस व चित्र यांतला भेद तर आणखीच निराळा.

हा भेद विसरणें परवडणारें नाहीं. दारावर लावलेला डोळा चुकला तर घरचाच माणूस परका ठरेल किंवा परका घरचा ठरेल. म्हणून केवळ यंत्राच्या साक्षीवर कुलूप उघडूं देणें शहाणपणाचें नव्हे. दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. बाजारांत मिळणारे अनेक तयार कॅमेरे घरांतील चित्रें दूरच्या कंपनीच्या संगणकाकडे पाठवितात. तीं तेथें किती दिवस राहतात आणि कोणाच्या दृष्टीस पडतात, हें घरच्या मंडळींस बहुधा ठाऊक नसतें. ओपन सीव्ही घरच्या पाटीवर बसविली असतां पाहणें, पारखणें व विसरणें हें सर्व घरांतच घडूं शकतें. दारीं कोणी आलें एवढीच वर्दी ठेवून चित्र पुसून टाकावें, असें ठरविण्याचा अधिकार घराकडे राहतो. मात्र त्या अधिकाराबरोबर जबाबदारीहि येते. कॅमेऱ्याचें तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे नसावें, आणि घरीं कामास येणाऱ्या माणसांसहि तो कोठें आहे व कशासाठीं आहे हें सांगितलेलें असावें.

कांहीं हजार रुपयांची एक पाटी, एक कॅमेरा आणि विनामूल्य मिळणारी एक लायब्ररी, एवढ्या सामग्रीवर जें पूर्वीं प्रयोगशाळांतच शक्य होतें तें आज शाळकरी मुलास अभ्यासाच्या टेबलावर करतां येतें. घरांतील वडील मंडळींनीं अशा मुलास तयार वस्तु विकत आणून देण्याची घाई करूं नये. कंपाइल अर्ध्यावर थांबलें, फूल निळें दिसलें, तसबीर माणसांत मोजली गेली, म्हणजे तो उगीच वेळ दवडीत आहे असेंहि समजूं नये. यंत्र काय पाहतें आणि काय पाहत नाहीं, हें त्यास अशाच वेळीं कळत असतें. आणि यंत्रांच्या नजरेखालीं वाढत्या प्रमाणांत जगावें लागणाऱ्या पिढीस ही जाणीव असणें फार अगत्याचें आहे.