विंचू कोण उतरवतो?

मी कवितेच्या प्रांतातला माणूस. मराठी घेऊन बी.ए. झालो, विज्ञानाशी संबंध शाळेपुरताच. तरी आज बोलणार आहे विंचवाविषयी. कोकणात जन्मलेल्या माणसाला तेवढा अधिकार आपोआप मिळतो!

‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ असं आपण सहज म्हणतो. ही नुसती गंमत नाही, ते निरीक्षण आहे. विंचवाची मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते. पहिली कात टाकेपर्यंत ती पिल्लं आईच्या पाठीवर बसून राहतात. ही म्हण ज्यानं पहिल्यांदा उच्चारली, त्यानं दगड उलटून डोळ्यांनी पाहिलं असणार.

आपल्या माणसांची नजर अशी पक्की. हिशेब मात्र कुठेतरी चुकत होता. जांभ्या दगडाच्या फटी, कौलं, सरपणाचा ढीग ही विंचवाची हक्काची घरं. चप्पल झटकल्याशिवाय पायात घालायची नाही, हा माझ्या दादीचा नियम. तरी कुणाला विंचू चावलाच, तर आमच्या मोहल्ल्यात पाण्यावर दम करून देत, शेजारच्या वाडीत भगत मंत्र घालत असे. आणि पुष्कळांना दुसऱ्या दिवशी बरं वाटे. खरी गोम इथेच आहे. अनेकदा दंशात विष थोडंच जातं. कळ भयंकर येते आणि आपली आपणच ओसरते. श्रेय मंत्राला जातं. ज्याला विष भिनलं तो दगावला, तर ते त्याचं नशीब! ज्या वहीत फक्त जमा मांडतात आणि खर्च लिहीतच नाहीत, ती वही खरी कशी मानायची?

खर्चाची बाजू लिहून काढली ती एका डॉक्टरनं. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७०च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लाल विंचवाच्या दंशानं धडधाकट माणसं, लहान मुलं त्यांच्यासमोर जात होती. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी केल्या. दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय ही धोक्याची लक्षणं. विषामुळे शरीरातली उत्तेजक रसायनं एकदम उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. माणूस एका अर्थी कोरड्या जमिनीवर बुडतो.

मग आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करायच्या कशा? रक्तदाबासाठीची प्राझोसिन नावाची साधी, स्वस्त गोळी त्यांनी वापरून पाहिली. १९८२ आणि १९८६ साली त्यांचे निबंध ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आले. गंभीर रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण शेकडा चाळीसच्या आसपास होतं, ते शेकडा एकवर आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मला मोल वाटतं ते या गोष्टीचं, की हे ज्ञान तालुक्याच्या गावात, कंदिलाच्या उजेडातल्या माणसांच्या दुखण्यातून उभं राहिलं आणि तिथून जगात गेलं.

आता कामाचं सांगतो. दंशाची जागा कापू नका, आवळून बांधू नका. घाम, उलटी, गार हातपाय दिसेपर्यंत वाट पाहू नका. मूल असेल तर मुळीच नाही. गोळी घरी आपल्या मनानं देऊ नका. तिनं रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून रुग्णाला निजवून, डॉक्टरांच्या नजरेखालीच ती द्यायची असते. विंचवाच्या विषावरची लसही आहे. तिची गरज आहे का, ते डॉक्टर ठरवतील.

एकनाथ महाराजांच्या भारुडातला विंचू म्हणजे मनातले विकार, त्याला उतारा सत्त्वगुणाचा. दगडाखालच्या विंचवाचा उतारा मात्र आरोग्य केंद्रात मिळतो. दुआ करा, मंत्र म्हणा, माझी हरकत नाही. फक्त तो दवाखान्याकडे निघालेल्या रिक्षात बसून म्हणा.