उंदीर, मासळी आणि बेटकुळी
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



तालमीतला मुलगा कोपरातून हात वाकवतो आणि दंडावर मांसाचा गोळा वर सरकतो. हात सरळ केला की तो पुन्हा दडतो. हे दृश्य जगात सर्वत्र सारखेच आहे. त्याला मिळालेली नावे मात्र निरनिराळी आहेत. त्या नावांची हकीगत हा आजच्या व्याख्यानाचा विषय.

रोमन लोकांना त्या हालचालीत कातडीखाली धावणारा उंदीर दिसला. लॅटिनमध्ये उंदराला ‘मूस’ म्हणतात. त्याचे लघुत्वदर्शक रूप ‘मस्क्युलस’, म्हणजे चिमुकला उंदीर. हाच शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘मसल’ झाला. ग्रीक भाषेतही उंदीर आणि स्नायू यांना एकच शब्द आहे. हृदयाच्या स्नायूला वैद्यक ‘मायोकार्डियम’ म्हणते, त्यातील ‘मायो’ तोच. रशियनमध्ये ‘मिश’ म्हणजे उंदीर आणि ‘मिश्त्सा’ म्हणजे स्नायू. गणरायाच्या वाहनाला आपण मूषक म्हणतो, तो शब्दही याच कुळातला. म्हणजे उंदीर आपल्याकडेही होता. फक्त त्याला दंडावर बसवले गेले नाही.

आपल्या वैद्यकाने वेगळी वाट धरली. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात 500 पेशी आणि 900 स्नायू सांगितले आहेत. तेथे पेशी म्हणजे मांसाचा पृथक् भाग आणि स्नायू म्हणजे सांधे बांधून धरणारा बंध. फळ्या बंधांनी नीट आवळलेल्या असल्या की नाव पाण्यावर भार पेलते, तसे स्नायूंनी बांधलेले शरीर भार सोसते, असा दृष्टान्त सुश्रुताने दिला आहे.

पुढे हे दोन्ही शब्द स्थलांतरित झाले. मराठीत आणि गुजरातीत स्नायू म्हणजे ‘मसल’ ठरला. बंगालीत तोच शब्द मज्जातंतूसाठी रूढ झाला. पेशीचेही तसेच. हिंदीत मांसपेशी म्हणजे आपला स्नायू. मराठीत पेशी म्हणजे सजीवाचा सूक्ष्म घटक, ज्याला हिंदी कोशिका म्हणते.

यात कोणा एका भाषेची चूक नाही. ग्रीक ‘न्यूरॉन’ आणि लॅटिन ‘नर्व्हस’ यांचाही मूळ अर्थ कंडरा, धनुष्याची दोरी असाच होता. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हिरोफिलसने मज्जातंतू वेगळे ओळखले आणि जुना शब्द नव्या अर्थाला चिकटला. बंगालीतील स्नायू त्याच वाटेने गेला.

परंतु अर्थांतराची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरातील मूल शाळेत मांसपेशी शिकते आणि घरी पेशी हा शब्द दुसऱ्याच अर्थाने ऐकते. मराठी माणूस कोलकात्याच्या रुग्णालयात ‘स्नायू दुखावला’ म्हणाला, तर बंगाली कान मज्जातंतूचा विकार ऐकतील. शब्द ओळखीचा वाटतो, म्हणूनच तो अधिक फसवतो. अनोळखी शब्दाचा अर्थ माणूस विचारतो. ओळखीच्या शब्दाचा विचारत नाही. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्यांनी म्हणूनच कोश हाताशी ठेवावा. आणि अशा गावातील ग्रंथालयाने दोन्ही भाषांचे कोश एकाच फळीवर मांडावेत.

शेवटी पुन्हा त्या तालमीतल्या मुलाकडे वळू. शरीरशास्त्र त्याच्या दंडातील स्नायूला ‘बायसेप्स’ म्हणते, म्हणजे दोन शिरांचा. कारण तो खांद्याच्या फऱ्याशी दोन ठिकाणी उगम पावतो. हे नाव शवविच्छेदन करणाऱ्याच्या नजरेचे आहे. जिवंत हालचाल पाहणाऱ्यांनी मात्र वेगळी नावे दिली. हिंदी भाषकाला तेथे मासळी दिसली. तो बाहूंच्या मछलियाँ म्हणतो. मराठी माणसाला बेडूक दिसला. बेडकुळी म्हणजे लहानशी बेडकी. तिचीच बोलण्यात बेटकुळी झाली. कोणीही न शिकवता आपली मुले दंडाच्या बेटकुळ्या काढून दाखवतात.

रोमन माणसाने उंदीर पाहिला तेव्हा त्यानेही याहून वेगळे काही केले नव्हते. त्याच्या घरगुती शब्दाला विद्यापीठांचा आधार मिळाला आणि तो शास्त्राचा झाला. आपली बेटकुळी घरातच राहिली. शास्त्राने स्नायू हा शब्द जरूर वापरावा. पण शब्दकोशात आणि मुलांच्या पुस्तकात बेटकुळीलाही जागा असावी. कारण मराठीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून ठेवलेले ते नाव आहे.