डोंगर राखू, घर राखू
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना वाटेल, दरड कोसळते ती कोकणात आणि घाटात; यवतमाळकरांना तिचे काय? ही शंका रास्त आहे. सह्याद्रीसारखा पाऊस आणि तसले उभे कडे आपल्याकडे नाहीत. परंतु आपल्या जिल्ह्यातील किती तरी मुले पोटासाठी मुंबई, ठाणे, पुणे गाठतात. नव्या माणसाला तेथे स्वस्तात खोली मिळते ती पुष्कळदा टेकडीच्या उतारावर किंवा पायथ्याशी. तेव्हा हा प्रश्न आपल्या घरापर्यंत येऊन पोहोचलाच आहे.

12 जुलै 2000 रोजी मुंबईच्या घाटकोपर भागात आझादनगर वस्तीवर टेकडीचा कडा कोसळला आणि सत्तरच्या आसपास माणसे दगावली. 18 जुलै 2021 च्या पहाटे चेंबूरच्या भारतनगरात डोंगराच्या उतारावरील भिंत पडून झोपेतली माणसे गाडली गेली. गावांची कथा वेगळी नाही. 30 जुलै 2014 रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव चिखलाखाली गेले, 151 जीव गेले, एस.टी.च्या चालकाला नेहमीच्या जागी गाव दिसेना, तेव्हा जगाला कळले. 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड आली. 27 मृतदेह हाती लागले, 57 जणांचा शोधच लागला नाही. ही वाडी धोकादायक गावांच्या यादीत नव्हती, हे विशेष लक्षात ठेवावे. यादीत नाव नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

असे का घडते? महाराष्ट्राचा बहुतेक डोंगर काळ्या बसाल्ट खडकाच्या थरांचा बनलेला आहे. ऊनपावसाने खडक झिजला की त्याचा मुरूम होतो, आणि मुरुमावर माती साचते. संततधार पावसात ही माती पाणी पिऊन जड होते, कणाकणांतील पकड सैल होते आणि खालच्या कठीण खडकावरून सारा थर घसरू लागतो. झाडांची मुळे ही माती धरून ठेवतात. आपण झाडे तोडतो, घरासाठी उताराचा पायथा कापतो, ओहोळ बुजवितो, सांडपाणी तेथेच जिरवितो. पोत्यांच्या थप्पीतले खालचे पोते ओढले तर वरची जागेवर राहतील काय? टेकडीचा पायथा म्हणजे ते खालचे पोते होय.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. अजिंठ्याच्या डोंगररांगांचे फाटे येथवर आले आहेत. पुसद शहर तर चहूबाजूंनी टेकड्यांच्या कुशीत वसले आहे. आपल्याकडे डोंगर एका रात्रीत कोसळत नसला, तरी दर पावसाळ्यात थोडा थोडा वाहून जातो. मुरुमासाठी टेकडी पोखरली की उघडी माती नाल्यात व तलावात जाते, विहिरी उन्हाळ्याआधीच आटतात आणि पाणी न मुरता लोंढ्याने वस्तीत शिरते. 22 जुलै 2023 रोजी महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्यावर पुरात अडकलेल्यांसाठी हेलिकॉप्टर बोलवावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. पुराचे पहिले कारण अतिवृष्टी हे खरे. पण उघड्या बोडक्या उतारावरून पाणी अधिक वेगाने खाली येते, हेही तितकेच खरे.

उपाय आपल्या मातीला नवे नाहीत. 1972 च्या दुष्काळात याच महाराष्ट्रात लाखो हातांनी बांधबंदिस्तीची कामे केली. पुढे पुसदचेच सुपुत्र सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री असताना जलसंधारणाचे स्वतंत्र खाते उभे राहिले; 10 मे हा त्यांचा स्मृतिदिन जलसंधारण दिन म्हणून पाळला जातो. उताराला आडवे समतल चर, नाल्यात दगडी बांध, मोकळ्या जागी कडुनिंब, सीताफळ, घायपात आणि गवत, एवढ्याने माती थांबते. मात्र जेथे घरांवर दरड येण्याचे भय आहे, तेथे पाणी मुरवू नये, पक्क्या गटाराने बाहेर काढावे. संरक्षक भिंत बांधली तर तिला पाणी निघायला भोके हवीत, नाहीतर मागे साचलेले पाणीच भिंत ढकलते.

कायदाही आपल्या बाजूचा आहे. राज्याच्या बांधकाम नियमावलीप्रमाणे पाचास एक किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकामास व कापाकापीस मनाई आहे. प्लॉट घेताना केवळ भाव विचारू नका, उतारही पाहा.

आता धोक्याच्या खुणा सांगतो. त्या परगावी असलेल्या मुलांना फोनवरून जरूर कळवा. जमिनीला किंवा भिंतीला नव्या भेगा पडणे, दारे-खिडक्या अचानक अडकणे, झाड किंवा विजेचा खांब कलणे, नवा झरा फुटणे, झऱ्याचे पाणी गढूळ होणे, दगड घरंगळल्याचा आवाज येणे. यांपैकी एक जरी खूण मुसळधार पावसात दिसली, तरी सामानाचा मोह सोडून माणसांनी बाहेर पडावे, उताराच्या वाटेत न थांबता बाजूला जावे आणि शेजाऱ्यांनाही उठवावे. भांडी पुन्हा घेता येतात.

झाड लावणे हा सदका आहे आणि वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपल्या घराघरांत आहे. ती आपण टेकडीपर्यंत नेऊ या. प्रत्येक शाळेने जवळची एक टेकडी निवडावी, पावसाळ्यापूर्वी चर खोदावेत, झाडे लावावीत आणि तीन वर्षे ती जगवावीत. लावण्याचा समारंभ एका दिवसाचा असतो. राखण्याचे काम रोजचे असते, आणि तेच खरे शिक्षण होय.