नकाराचा धनी कोण?



सरकारी कचेरींत अलीकडे एक नवा कारकून रुजू झाला आहे. त्याला पगार नाहीं, रजा नाहीं, बदलीची भीति नाहीं. हजार अर्ज तो घटकाभरांत वाचून टाकतो. त्याचें नांव कृत्रिम बुद्धिमत्ता. महाराष्ट्र सरकारनें २०२४ मध्यें पोलीसखात्याच्या कामासाठीं नागपुरास ‘मार्व्हल’ नांवाची स्वतःची कंपनी स्थापन केली. २०२५ च्या जून महिन्यांत शेतीसाठीं या बुद्धिमत्तेचें स्वतंत्र धोरण मंजूर केलें आणि पहिल्या तीन वर्षांकरितां ५०० कोटि रुपये योजिले. तेव्हां हा कारकून ठेवावा कीं नको, हा वाद आतां मागें पडला आहे. त्याच्यावर कोणतें काम सोंपवावें आणि कोणतें सोंपवूं नये, हा आजचा प्रश्न होय.

या प्रश्नाचा विचार मंत्रालयाच्या दालनांत बसून करण्यापेक्षां गोंदिया जिल्ह्यांतील धानाच्या बांधींत उभें राहून केलेला बरा. १९९९ मध्यें भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचें जीवन धानावर चालतें. पावसाळ्याच्या आरंभीं पऱ्हे टाकावयाचे, मग रोवणी, आणि दिवाळीच्या सुमारास कापणी. कापलेलें धान कांहीं दिवस बांधींतच आडवें पसरून वाळवितात. त्यालाच तिकडे कडपा म्हणतात. नेमक्या त्याच दिवसांत अवेळीं पाऊस कोसळला, तर उभ्या पिकानें दिलेलें सारें आश्वासन दोन रात्रींत कुजून जातें.

आतां पीकविम्याकडे पाहूं. पूर्वीं भाताचें उत्पन्न किती आलें, हें निवडक शेतांतील पीककापणीच्या प्रयोगांवरून ठरत असे. २०२३ च्या खरिपापासून पंतप्रधान पीकविमा योजनेंत उपग्रहाचीं चित्रें, हवामानाचे आंकडे आणि गणिती नमुने यांवरून काढलेल्या अंदाजालाही किमान ३० टक्के वजन देण्याचें ठरलें. या बदलाला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. कापणीचे प्रयोग मोजक्याच ठिकाणीं होतात. ते करणाऱ्या माणसावर दडपण येऊं शकतें, त्याचा कंटाळाही आड येऊं शकतो. आकाशांतील डोळ्याला गांवांतील तंट्यांशीं कर्तव्य नसतें. तो पाटलाची आणि गड्याची बांधी सारख्याच नजरेनें पाहतो.

परंतु या डोळ्यालाही मर्यादा आहेत. श्रावण-भाद्रपदांत आकाश मेघांनीं भरलेलें असतां साध्या छायाचित्राला खालचें कांहींच दिसत नाहीं. रडारच्या लहरी ढगांतून पार जातात. पण त्या जें सांगतात, त्याचा अर्थ लावावा लागतो, आणि अर्थ लावतांना चूक होऊं शकते. तलावाखालची बांधी आणि माळावरची वरथेंबी बांधी यांत हांकेचेंच अंतर असतें. पण एकींत धान डुलतें आणि दुसरींत ओंबी भरत नाहीं. दोहोंची सरासरी काढली, तर जें उत्पन्न निघतें तें कोणाच्याच घरीं आलेलें नसतें. आणि पीक उभें असतां केलेल्या अंदाजाला भिजलेल्या कडपांची वार्ता कोठून असणार?

सरासरी माणसावर कशी उलटते, याचा धडा ऑस्ट्रेलियानें दिला आहे. तेथें २०१६ पासून सरकारी साहाय्य घेणाऱ्यांची वर्षाची मिळकत यंत्राकरवीं पंधरवड्यांत सारखी वांटून, ‘तुम्हीं जास्त पैसे उचलले, ते परत करा’ अशीं पत्रें धाडण्यांत आलीं. ज्याला चार महिने काम आणि आठ महिने बेकारी, त्याची मिळकत सारखी कशी असेल? सुमारें ४,७०,००० मागण्या अशा रीतीनें काढल्या गेल्या. २०२० मध्यें सरकारला त्या रद्द कराव्या लागल्या आणि २०२३ मध्यें चौकशी आयोगानें या कारभारावर कडक ताशेरे ओढले. यांतील गणित शाळकरी पोराला जमण्याइतकें सोपें होतें. आपण चुकलों नाहीं, हें सिद्ध करण्याचा भार मात्र दुबळ्याच्या माथीं टाकला होता. नेदरलंड्समध्येंही मुलांच्या संगोपनाचें साहाय्य घेणाऱ्या हजारों पालकांवर लबाडीचा ठपका आला. संशयित निवडणारें यंत्र अर्जदाराचें नागरिकत्वही एक खूण म्हणून मोजीत होतें. त्या प्रकरणीं २०२१ च्या जानेवारींत तेथील मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला.

याउलट चंद्रपूर जिल्ह्यांत ताडोबाच्या सीमेवरील सीतारामपेठ गांवाजवळ २०२३ मध्यें असे कॅमेरे बसविले कीं, वाघ दिसतांच ते ओळखतात आणि गांवाला सावध करतात. तेथें यंत्र चुकलें, रानडुकराला वाघ समजलें, तर चार माणसें उगाच घरांत बसतील, एवढेंच. इशारा देणें आणि हक्क नाकारणें या दोन गोष्टींत हा मोठा भेद आहे. म्हणून माझ्या मतें सरकारी कामाला एक साधा नियम पुरेल : होकार यंत्रानें खुशाल लवकर द्यावा, नकार मात्र माणसानेंच द्यावा, आणि त्याखालीं आपलें नांव लिहावें.

यांत नवें कांहीं मागितलेलें नाहीं. महाराष्ट्रानें २०१५ मध्यें लोकसेवा हक्काचा कायदा केला. अधिसूचित सेवा ठराविक मुदतींत मिळणें हा त्यानें नागरिकाचा हक्क ठरविला. अर्ज नाकारल्यास कारण लेखी कळवावें आणि अर्जदाराला अपिलाची वाट असावी, असें सांगितलें. यंत्र आलें म्हणून ही वाट बुजतां कामा नये. ‘संगणक घेत नाहीं’ हें कारण नव्हे. सालेकसा किंवा देवरीच्या रानांतील शेतकऱ्याला, ज्याच्या घरीं गोंडी बोलली जाते, त्यालाही समजेल अशा शब्दांत कारण सांगितलें पाहिजे. आणि उताऱ्यावरील नांव व आधारपत्रावरील नांव यांत एका वेलांटीचा फरक असेल, तर तो फरक दाखवून दुरुस्तीची संधि दिली पाहिजे.

मात्र सही म्हणजे केवळ शाई नव्हे. दिवसाला पांचशें नकार पुढें ठेवले, तर अधिकारी ते न वाचतांच सही करील आणि यंत्राचाच हुकूम माणसाच्या नांवानें बाहेर पडेल. त्याला वाचण्याइतका वेळ हवा, यंत्राच्या विरुद्ध मत देण्याचें धैर्य हवें आणि तसें मत दिल्याबद्दल वरिष्ठांचा जाब नको. तसेंच, नवें यंत्र कामाला लावण्यापूर्वीं ज्या हंगामांचा निकाल आपल्याला ठाऊक आहे अशा हंगामांवर तें तालुकावार पारखून घ्यावें आणि तें किती वेळां चुकलें, हें जाहीर करावें. गोंदियाच्या सपाटींत बरोबर येणारा अंदाज अर्जुनी मोरगांवच्या तलावांपाशीं चुकत असेल, तर तें आधींच कळलेलें बरें.

शहरांतील सुशिक्षित श्रोत्यांना वाटेल, धानाशीं आपला काय संबंध? परंतु घरपट्टी, निवृत्तिवेतन, शिष्यवृत्ति हींही उद्यां याच कारकुनाच्या टेबलावरून जाऊं शकतील. आपल्याला अर्ज लिहितां येतो, अपील करतां येतें, वेळ पडल्यास वकीलही देतां येतो. ज्याला हें जमत नाहीं, त्याच्या वतीनें विचारण्याचें काम आपलें आहे. आपली नगरपालिका किंवा एखादें खातें असें यंत्र आणील, तेव्हां तें किती वेगवान आहे हें मागाहून विचारावें. आधीं विचारावें, याच्या नकाराचा धनी कोण?