लहान शहरे आणि प्रादेशिक नियोजन : नलगोंडा परिसरातील अभ्यासमार्ग

(अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासदौऱ्यापूर्वी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्रादेशिक नियोजन हा विषय बहुधा व्याख्या, नकाशे आणि सिद्धांत यांच्या आधारे शिकविला जातो. त्याची खरी कसोटी मात्र तालुक्याच्या गावी लागते. शेतकऱ्याचे धान कोठे विकले जाते, आजारी माणसाला कोठे नेले जाते आणि दहावीनंतर मुलगी कोठे शिकते, या प्रश्नांची उत्तरे ज्या नगरात मिळतात, ते त्या परिसराचे केंद्रस्थान होय. जर्मन भूगोलज्ञ वॉल्टर ख्रिस्टालर यांनी 1933 मध्ये मांडलेल्या केंद्रस्थान सिद्धांताचा गाभा हाच आहे. कोणतीही सेवा टिकण्यासाठी किमान ग्राहकसंख्या लागते आणि त्या सेवेसाठी माणूस किती अंतर जाईल, यालाही मर्यादा असते. किराणा दुकान खेड्यात चालते. शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय प्रत्येक खेड्यात उभारता येत नाही. यातूनच लहान, मध्यम व मोठ्या केंद्रांची उतरंड तयार होते.

भारतात या विचाराचा ग्रामीण नियोजनासाठी वापर चौथ्या पंचवार्षिक योजनेच्या (1969-74) काळात सुरू झाला. हैदराबाद येथील राष्ट्रीय सामुदायिक विकास संस्थेत (आजची राष्ट्रीय ग्रामीण विकास व पंचायती राज संस्था) ललित सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नलगोंडा जिल्ह्यातील मिर्यालगुडा तालुक्याचा अभ्यास केला. तो 1971 मध्ये प्रसिद्ध झाला. कोणत्या गावात कोणत्या सेवा आहेत आणि लोक त्यांसाठी कोठे जातात, याची नोंद करून वृद्धी केंद्रे निश्चित करण्याची पद्धत त्यात वापरली गेली. अभ्यासदौऱ्यासाठी हा परिसर निवडण्याचे कारण तेच. ऑक्टोबर 2016 मध्ये नलगोंडा, सूर्यापेट आणि यादाद्री भुवनगिरी असे या जिल्ह्याचे विभाजन झाले.

पोचमपल्ली आणि नलगोंडा

मार्गावरील पहिले ठिकाण भूदान पोचमपल्ली. पवनारहून तेलंगणात आलेल्या विनोबा भावे यांना 18 एप्रिल 1951 रोजी येथेच 100 एकरांचे पहिले भूदान मिळाले. आज हे गाव इकत विणकामासाठी ओळखले जाते. सूत विणण्यापूर्वीच बांधून रंगविण्याच्या या कलेला भौगोलिक मानांकन लाभले आहे. येथे पाहावयाचे ते आर्थिक संबंध : रेशमी सूत प्रामुख्याने कर्नाटकातून येते, तर मोठा ग्राहकवर्ग हैदराबादेत आहे. म्हणजे या गावाचे व्यवहार जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा महानगराशी अधिक निगडित आहेत.

नलगोंडा हे नाव पाण्यातील फ्लोराइडच्या प्रश्नाशी जोडले गेले आहे. तुरटी व चुना वापरून फ्लोराइड कमी करण्याची, नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केलेली पद्धत 'नलगोंडा तंत्र' म्हणूनच प्रसिद्ध आहे. तथापि, भूजल दूषित असलेल्या गावांना दूरच्या नदीचे पाणी आणून देणे हाच अधिक टिकाऊ उपाय ठरतो. 2016 मध्ये सुरू झालेल्या मिशन भगीरथ योजनेचा आधार हाच विचार होता. अशी जलवाहिनी गावाची किंवा शहराची सीमा मानत नाही. म्हणूनच तिचे नियोजन केवळ एका पंचायतीच्या वा नगरपालिकेच्या आवाक्यातले नसते.

समान लोकसंख्या, भिन्न कार्य

मिर्यालगुडा आणि सूर्यापेट या दोन शहरांची तुलना या दौऱ्यातील सर्वांत उद्बोधक भाग ठरावी. 2011 च्या जनगणनेनुसार दोहोंची लोकसंख्या एक लाखाच्या आसपास होती. आकडेवारीच्या तक्त्यात ती जुळी शहरे वाटतात. प्रत्यक्षात त्यांचा पाया वेगळा आहे.

नागार्जुनसागर प्रकल्पाच्या कालव्यांत 1967 मध्ये पाणी सोडण्यात आले. डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात भातशेती वाढली आणि मिर्यालगुडा हे भातगिरण्यांचे मोठे केंद्र बनले. या शहराचे भवितव्य कालव्याच्या पाण्यावर अवलंबून आहे. धरणात पाणी कमी आले, तर कालव्याच्या शेवटच्या टोकाकडील शेतकऱ्याबरोबर गिरणीतील हमालाचा रोजगारही घटतो.

सूर्यापेट हैदराबाद-विजयवाडा महामार्गावर वसले आहे. वाहतूक, व्यापार आणि बाजार आवार हा त्याचा आधार. 2016 मध्ये ते जिल्ह्याचे मुख्यालय झाले आणि 2019 मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. एका प्रशासकीय निर्णयाने शहराची श्रेणी कशी उंचावते, याचे हे उदाहरण आहे. निधीचे वाटप केवळ लोकसंख्येच्या निकषावर केले, तर या दोन शहरांच्या भिन्न गरजा नजरेआड होतील. एकाला धान्य साठवणूक व सिंचनव्यवस्थेची जोड हवी. दुसऱ्याला वाढत्या वाहतुकीचे आणि आसपासच्या गावांतून येणाऱ्या रुग्णांचे नियोजन हवे.

नियोजन कोणी करावयाचे?

74 व्या घटनादुरुस्तीने (1992) समाविष्ट केलेल्या अनुच्छेद 243 झेडडी नुसार जिल्हा नियोजन समितीची तरतूद आहे. पंचायती व नगरपालिकांच्या योजनांचे एकत्रीकरण करून विकास आराखड्याचा मसुदा तयार करणे हे तिचे कार्य. समितीचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा पातळीवरील पंचायत आणि नगरपालिका यांच्या निर्वाचित सदस्यांमधून निवडले जातात. अवकाशीय नियोजन, पाणी व अन्य नैसर्गिक साधनसंपत्तीची वाटणी, पायाभूत सुविधांचा एकात्मिक विकास आणि पर्यावरण संवर्धन या समान हिताच्या बाबी तिने विचारात घ्याव्यात, अशी घटनेची अपेक्षा आहे. अनेक ठिकाणी मात्र विभागवार मागण्यांची बेरीज म्हणजेच आराखडा, असे स्वरूप त्याला येते. प्रश्न असा की, गाव व नगर यांमधील रस्ता, बस आणि पाणी यांची जबाबदारी मग कोणाची?

हा प्रश्न अधिक तीव्र होण्याचे कारण जनगणना शहरे. किमान 5,000 लोकसंख्या, पुरुष मुख्य कामगारांपैकी किमान 75 टक्के बिगरशेती व्यवसायात आणि दर चौरस किलोमीटरला किमान 400 घनता, हे त्यांचे निकष. देशात 2001 मध्ये अशी 1,362 शहरे होती. 2011 मध्ये ही संख्या सुमारे 3,900 झाली. येथील जीवन नागरी, परंतु कारभार सामान्यतः ग्रामपंचायतीचा. सांडपाणी, घनकचरा आणि बांधकाम परवानगी यांसाठी आवश्यक मनुष्यबळ व उत्पन्न अशा पंचायतींकडे क्वचितच असते. 2016 मध्ये सुरू झालेल्या श्यामाप्रसाद मुखर्जी रुर्बन अभियानात 300 ग्रामसमूह विकसित करण्याचे उद्दिष्ट होते. त्यामागे हीच उणीव होती.

निरीक्षणाची दिशा

दौऱ्यात प्रत्येक नगरात तीन बाबींची नोंद व्हावी. पहिली, बाजाराच्या दिवशी लोक कोणत्या गावांतून, कशासाठी आणि किती खर्च करून येतात. यावरून प्रभावक्षेत्र ठरते. दुसरी, परिसरात निर्माण होणारे उत्पन्न नगरातच गुंतविले जाते की बाहेर जाते. तिसरी, कोणत्या गावाला कोणत्याच केंद्राची सेवा मिळत नाही. बस स्थानकावर गावोगावच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारली, तरी या तिसऱ्या प्रश्नाचा पुष्कळ उलगडा होतो. जेथे दुपारनंतर गाडी नाही, तेथील रहिवाशांना जिल्ह्यातील उत्तम रुग्णालयाचाही पुरेसा उपयोग नाही. अशा गावांची यादी हाच कोणत्याही प्रादेशिक आराखड्याचा आरंभबिंदू असला पाहिजे.